गो गेला, नो-गो अडला. मग तक्रार कशाची?

आट्यांच्या तपासणीवर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. तपासणी दोन गेजनी होते: गो जॉबवर जायलाच हवा, नो-गो अडायलाच हवा. भोकासाठी गेज प्लगच्या रूपात असतो, बोल्टसाठी रिंगच्या. आकडे एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून उत्तरांत शक्यतो एम१० × १.५ (व्यास १० मिमी, पिच म्हणजे लगतच्या आट्यांतले अंतर १.५ मिमी) हेच माप धरले आहे. त्याच्या मर्यादा अशा: ६एच (टॉलरन्सचा वर्ग) भोकाचा इफेक्टिव्ह डाया (आट्याच्या उतारावर मधोमध धरलेला व्यास) ९.०२६ ते ९.२०६ मिमी आणि मायनर डाया (आट्याचा सर्वांत लहान व्यास) ८.३७६ ते ८.६७६ मिमी. ६जी बोल्टचा इफेक्टिव्ह डाया ८.८६२ ते ८.९९४ मिमी आणि मेजर डाया (सर्वांत मोठा व्यास) ९.७३२ ते ९.९६८ मिमी.

प्रश्न: व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचे सीएनसी मशीन) टॅप केलेल्या, म्हणजे टॅपने आटे पाडलेल्या एम१० × १.५, ६एच भोकात नो-गो प्लग दीड फेरा आत जातो आणि मग अडतो. ग्राहकाच्या इन्स्पेक्टरचे म्हणणे, नो-गो जराही जाता कामा नये. लॉट परत आला आहे. बरोबर कोण? (लघुउद्योजक, भोसरी)

उत्तर: ड्रॉइंगवर किंवा पर्चेस ऑर्डरवर वेगळे काही लिहिलेले नसेल, तर तुम्ही बरोबर आहात. थ्रेड गेजच्या आयएसओ १५०२ या स्टँडर्डप्रमाणे नो-गो प्लग हाताने, जोर न लावता फिरवल्यावर भोकाच्या दोन्ही टोकांकडून जास्तीत जास्त दोन फेरे आत जाऊ शकतो. त्याहून जास्त गेला तर जॉब नापास. हे फेरे गेज आत घालताना मोजायचे नसतात, बाहेर काढताना मोजायचे असतात. आत घालताना पहिला आटा नेमका कुठे पकडला हे कळत नाही. काढताना मात्र गेज पकड सोडतो तो क्षण बोटांना स्पष्ट कळतो. हँडलवर पेन्सिलची एक रेघ ओढून ठेवली की मोजणीत चूक होत नाही. जॉबला जेमतेम तीन आटे किंवा त्याहून कमी असतील तर नियम वेगळा आहे: नो-गो आरपार जाता कामा नये. अमेरिकन स्टँडर्ड एएसएमई बी१.२ मध्ये हीच सूट तीन पूर्ण फेऱ्यांची आहे. त्यामुळे ड्रॉइंगवर कोणते स्टँडर्ड लिहिले आहे हे ऑर्डर घेतानाच बघावे. ग्राहकाला शून्य फेरे हवे असतील तर तशी अट घालायचा त्याला हक्क आहे, पण ती आधी लेखी हवी.

ही सूट असण्यामागे कारण आहे. नो-गोचे काम एकच, इफेक्टिव्ह डाया वरच्या मर्यादेपलीकडे गेला आहे का ते बघणे. पिचची किंवा कोनाची चूक मध्ये येऊ नये म्हणून त्याला मुद्दाम मोजकेच आटे ठेवतात, आट्यांचे शेंडे कापलेले असतात आणि टेकायला बाजूचा थोडाच भाग उरतो. भोकाच्या तोंडाशी चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असतो, पहिला आटा अर्धवट असतो, टॅप शिरताना तोंड किंचित मोकळेही होते. इतका आखूड गेज तिथे थोडा शिरणारच.

तरीही प्रत्येक भोकात दीड फेरा जात असेल तर तुमच्याकडे भोकाचे तोंड फाकते आहे आणि तुम्ही मर्यादेच्या काठावर काम करत आहात. आधी फीड तपासा. ४०० आरपीएमला १.५ पिचसाठी फीड बरोबर ६०० मिमी प्रति मिनिट हवा. रिजिड टॅपिंगमध्ये (टॅप होल्डरमध्ये पक्का, जराही सरकत नाही) स्पिंडल आणि झेड अक्ष यांचा मेळ जरा चुकला तरी टॅप पुढे-मागे ओढला जातो आणि आट्याची एक बाजू तासतो. टेन्शन-कॉम्प्रेशन होल्डर (टॅपला थोडे पुढे-मागे सरकू देणारा) असेल तर टॅप पकड घेईपर्यंत जो दाब येतो त्यानेही पहिले दोन आटे खरवडले जातात. तिसरे कारण टॅपचा रनआउट. कोलेटमध्ये चिप अडकलेली असली की टॅप वाकडा फिरतो आणि तोंडाशी जास्त कापतो. आरपार भोक असेल तर नो-गो दुसऱ्या बाजूनेही लावून बघा. टॅप शिरला त्या बाजूला दीड फेरा आणि पलीकडे अर्धा फेरासुद्धा नाही, असे आढळले तर दोष तोंडाचाच, टॅपच्या मापाचा नाही.

जोराबद्दलही सांगायला हवे, कारण निम्मे वाद तिथेच होतात. हँडल अंगठा आणि दोन बोटांत धरायचे, मनगटाचा जोर लावायचा नाही. गो याच पकडीत शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि नो-गो याच पकडीत अडला पाहिजे. मुठीत धरून पिळले तर नो-गो आणखी एक फेरा जातो. गो अडत असताना तसेच केले तर गेज टॅपचे काम करू लागतो.

प्रश्न: गो जातो, नो-गो अडतो, तरी असेंब्लीत टॉर्क देताना भोकातले आटे जातात. मटेरियलचा रिपोर्ट ठीक आहे. गेज चुकीचा आहे का? (क्वालिटी सुपरवायझर, चाकण)

उत्तर: गेज बहुधा ठीक आहे. ज्या गोष्टीमुळे आटे जातात ती तो बघतच नाही.

थ्रेड प्लगच्या गो बाजूला आट्यांच्या तळाशी मोकळीक दिलेली असते, त्यामुळे भोकाच्या मायनर डायाला तो टेकत नाही. मायनर डायासाठी वेगळा साधा प्लग गेज लागतो, गुळगुळीत, दोन टोकांचा. पुष्कळ छोट्या कारखान्यांत हाच नेमका नसतो. एम१० साठी ड्रिल ८.५ चे. त्याची धार विषम झाली किंवा ते हलू लागले की भोक ८.८ होते. म्हणजे मायनर डाया ८.६७६ च्या मर्यादेबाहेर गेला. टॅप मात्र नेहमीसारखाच चालतो, उलट जरा हलका चालतो, आणि दोन्ही थ्रेड गेज समाधानी राहतात. आता आट्याची पकड बघा. बोल्टचा मेजर डाया पूर्ण १० मिमी धरला, तर मायनर डाया ८.३७६ असताना बोल्ट आणि भोक यांचे आटे एका बाजूने ०.८१ मिमी खोल गुंतू शकतात. ८.८ ला ही खोली ०.६० वर येते. पाव भागाहून जास्त पकड गेली आणि गेजने एक शब्द काढला नाही. तेव्हा आधी साधा प्लग घ्या आणि परत आलेल्या जॉबवर लावा.

तुम्ही फॉर्मिंग टॅप वापरत असाल तर हिशेब बदलतो. तिथे मटेरियल कापले जात नाही, दाबून वर चढते. एम१० साठी आधीचे भोक साधारण ९.३ चे लागते आणि आट्याचा शेंडा त्या भोकाच्या मापावर ठरतो. तिथे भोक ०.१ ने मोठे झाले तरी शेंडा अर्धवट राहतो.

दुसरी शक्यता बोल्टच्या बाजूची, पिचच्या चुकीची. आटे गुंततात तेवढ्या लांबीत पिच जितका चुकतो त्याच्या १.७३२ पट इफेक्टिव्ह डाया वाढल्यासारखा वागतो. ०.०२ मिमी चूक म्हणजे ०.०३५ मिमी. बोल्टचा पूर्ण टॉलरन्स ०.१३२ आहे, त्यातला चौथा हिस्सा इथेच संपला. ऑपरेटरला हे दिसत नाही. त्याला गो रिंग अडल्याचे दिसते, म्हणून तो डाय आणखी दाबतो, बोल्ट बारीक करतो आणि गो जायला लागतो. इफेक्टिव्ह डाया ८.८६२ च्या वर आहे तोवर नो-गो रिंगही अडते. पण असा बोल्ट भोकात टोकाच्या एकदोन आट्यांवरच टेकतो, सगळा ताण त्यांच्यावर येतो. याचा छडा गो/नो-गोने लागत नाही. रोज प्रत्येक सेटअपचा एक नग प्रोफाइल प्रोजेक्टरवर किंवा कंटूर मशीनवर ठेवून पिच आणि कोन बघितला पाहिजे.

प्रश्न: रोलिंग केलेले (आटे दाबून पाडलेले) एम१० बोल्ट ६जी गो रिंगमध्ये छान जातात. झिंक प्लेटिंग होऊन आले की त्याच रिंगमध्ये जात नाहीत. प्लेटिंगवाला म्हणतो थर मागितला तेवढाच, ८ मायक्रॉन. (फास्टनर उत्पादक, अंबड, नाशिक)

उत्तर: प्लेटिंगवाला खरे बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. ६० अंशाच्या आट्यावर थर दोन्ही बाजूंना तिरका बसतो, त्यामुळे इफेक्टिव्ह डाया थराच्या चौपट वाढतो. ८ मायक्रॉनचे झाले ३२ मायक्रॉन. १.५ पिचच्या ६जी बोल्टला मूळ मापापासून जी सूट दिलेली असते, तीही बरोबर ३२ मायक्रॉनच. म्हणजे तुमचा बोल्ट ६जीच्या वरच्या मर्यादेवर, ८.९९४ वर रोल झाला असेल तर प्लेटिंगनंतर तो ९.०२६ वर येतो. हे मूळ माप आहे आणि ६एच भोकात असा बोल्ट जातो.

इथे ६जी ही मर्यादा प्लेटिंगपूर्वीची आहे. प्लेटिंगनंतर आटा मूळ मापाच्या वर जायला नको, एवढीच अट असते. म्हणून प्लेटिंगनंतर गो तपासायला ६एच, म्हणजे स्मॉल एचची रिंग लागते. कॅपिटल एच भोकाचा आणि स्मॉल एच बोल्टचा, रिंग मागवताना हे ठळक लिहा. नो-गो रिंग मात्र ६जीचीच राहते. दोन गो रिंग दोन वेगळ्या रंगांच्या पेटीत ठेवा आणि पेटीवर ‘प्लेटिंगपूर्वी’ व ‘प्लेटिंगनंतर’ असे मराठीतच लिहा. रिंगवरचे कोरीव अक्षर रात्रपाळीच्या उजेडात कोणी वाचत नाही.

स्मॉल एच रिंगमध्येही अडत असेल, तर थर कुठे मोजला ते विचारा. बहुतेक वेळा तो बोल्टच्या डोक्यावर मोजतात. बॅरल प्लेटिंगमध्ये (बोल्ट फिरत्या पिंपात घालून) लांब बोल्टच्या टोकांना मधल्या भागापेक्षा जास्त थर चढतो. डोक्यावर ८ असताना शेवटच्या आट्यांवर १२ असू शकतो. १२ चे ४८, आणि सूट तर ३२ चीच. यावर उपाय दोन. रोलिंगची वरची मर्यादा आणखी १६ मायक्रॉन खाली घ्या, म्हणजे ८.९७८. किंवा ग्राहकाच्या संमतीने ६ई टॉलरन्स घ्या, तिथे १.५ पिचला ६७ मायक्रॉन मोकळीक मिळते. हॉट डिप गॅल्व्हनाइझिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवणे) यातले काहीच पुरत नाही. तिथे थर ४० मायक्रॉनच्या पुढे असतो, म्हणजे वाढ १६० च्या वर. म्हणून बोल्टऐवजी नट मोठ्या मापाने टॅप करतात.

प्रश्न: आमच्याकडे अॅडजस्टेबल (स्क्रूने उघडता-मिटवता येणाऱ्या) रिंग आहेत. शिफ्ट बदलली की रिंगचे माप बदललेले असते. सेटिंग नेमके कसे करायचे? (टूलरूम, वाळूज)

उत्तर: माप आपोआप बदलत नाही. कोणीतरी स्क्रू फिरवतो आहे. त्यामुळे पहिला नियम हा की सेटिंग फक्त टूलरूममध्ये, सेटिंग प्लगवर (रिंगचे माप लावायचा प्रमाण प्लग) होईल आणि त्यानंतर दोन्ही स्क्रूंवर लाखेचे किंवा सीलिंग कंपाउंडचे सील बसेल. सील फुटलेली रिंग शॉपमध्ये दिसली की ती लगेच परत घ्यायची, जॉब अडकून पडले असले तरी. आणि त्या रिंगने पास केलेले नग शेवटच्या खात्रीच्या तपासणीपर्यंत मागे जाऊन पुन्हा बघायचे.

सेटिंगला बसण्याआधी रिंग आणि सेटिंग प्लग दोन्ही सॉल्व्हंटने धुवा, मऊ ब्रशने आट्यांतली घाण काढा आणि एकाच सरफेस प्लेटवर तासभर राहू द्या, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे होईल. प्लगवर पातळ तेलाचा हलका हात फिरवा. आता लॉकिंग स्क्रू सैल करा आणि अॅडजस्टिंग स्क्रूने रिंग इतकी उघडा की ती प्लगवर कुठेही न टेकता चढेल. सेटिंग प्लगचे दोन भाग असतात: एकावर आट्यांचे शेंडे पूर्ण, दुसऱ्यावर कापलेले. रिंग आधी पूर्ण शेंड्यांच्या भागावर घ्या. प्लगचा एखादा आटा रिंगच्या बाहेर डोकावत राहू द्या, म्हणजे प्लग एकाच जागी झिजणार नाही.

मग अॅडजस्टिंग स्क्रूने रिंग हळूहळू मिटवा. फिरवताना किंचित ओढ जाणवायला लागली की थांबा आणि लॉकिंग स्क्रू घट्ट करा. घट्ट करताना रिंग पुन्हा जराशी हलते, हे सगळ्यांच्या नजरेतून सुटते. म्हणून प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने रिंगच्या कडेवर एकदोन हलके ठोके द्या, भाग आपापल्या जागी बसतील. ओढ पुन्हा बघा. कमी किंवा जास्त झाली असेल तर सुरुवातीपासून. एका झटक्यात सेटिंग जमले असे क्वचित होते.

यानंतरची पायरी गाळू नका. रिंग कापलेल्या शेंड्यांच्या भागावर न्या. दोन्ही भागांवर ओढ जवळपास सारखी हवी. कापलेल्या भागावर रिंग ढिली वाटली तर तिच्या आट्यांच्या बाजू झिजल्या आहेत, आणि पूर्ण भागावर जी ओढ लागत होती ती फक्त तळाची होती. अशी रिंग कितीही मिटवली तरी खरी होत नाही. ती दुरुस्तीला किंवा भंगारात गेली पाहिजे.

एकसंध, न उघडणारी रिंग वापरली तर हा सगळा खटाटोप टळतो, पण तिला वेअर चेक प्लग लागतो. हा प्लग रिंगमध्ये शिरला की रिंगचे आयुष्य संपले. ज्या लाइनवर लोक स्क्रूला हात लावल्याशिवाय राहत नाहीत, तिथे एकसंध रिंगच द्यावी असे आमचे मत आहे.

प्रश्न: अर्धा इंच एनपीटी आणि अर्धा इंच बीएसपी दोन्हींना १४ आटे प्रति इंच. एकाचा गेज दुसऱ्याला चालेल का? (पाइप फिटिंग उत्पादक, शिरोली, कोल्हापूर)

उत्तर: नाही, अजिबात नाही. एनपीटी हा अमेरिकन टेपर पाइप आटा, बीएसपी हा ब्रिटिश पाइप आटा. एनपीटीचा कोन ६० अंश, बीएसपीचा ५५. एनपीटी १/२ पाइपचा बाहेरचा व्यास २१.३४ मिमी, जी १/२ (समांतर बीएसपी) चा मेजर डाया २०.९५५. हे दोन्ही एकमेकांत तीनचार फेरे जातात, घट्ट वाटतात आणि प्रेशर आले की गळतात. १/२ आणि ३/४ या दोनच मापांत पिच सारखा असल्याने तिथे घोळ सर्वांत जास्त होतो. १/४ ला बीएसपी १९ व एनपीटी १८, एक इंचाला ११ व ११.५, म्हणून तिथे पिच गेज लावला की फरक लगेच दिसतो.

एनपीटीच्या टेपर प्लग गेजला, म्हणजे एल१ प्लगला, नो-गो बाजू नसते. हाताने घट्ट बसवल्यावर गेजवरची खाच जॉबच्या तोंडाशी सपाट यायला हवी, एक फेरा पुढे किंवा एक फेरा मागे चालतो. १४ आट्यांना एक फेरा म्हणजे १.८१४ मिमी, आणि टेपर १:१६ असल्याने व्यासात ०.११३ मिमी. म्हणजे खाच किती आत-बाहेर आहे ते डेप्थ मायक्रोमीटरने मोजले तर टॅप किती खोल न्यायचा हे थेट काढता येते. तोंडाचा चॅम्फर मोठा असेल तर जॉबच्या सपाट तोंडापासून मोजू नका. चॅम्फरच्या उतारावर आट्याची शेवटची खूण जिथे दिसते तिथून मोजा. नाहीतर चांगला जॉब ‘मोठा’ म्हणून बाजूला पडतो.

प्रश्न: गो प्लग कधी बदलायचा? कॅलिब्रेशन वर्षातून एकदा करतो, पुरेसे आहे का? (फाउंड्री व मशीन शॉप, सांगली)

उत्तर: महिन्यांवर ठरवू नका, नगांवर ठरवा. कास्ट आयर्नची काळी धूळ आणि सिलिकॉन जास्त असलेले अॅल्युमिनियम गेजला सँडपेपरसारखे खातात. तोच गेज माइल्ड स्टीलवर कितीतरी जास्त टिकतो. प्रत्येक गेजला एक कार्ड लावा आणि किती नग तपासले ते त्यावर लिहा. नवा गेज पहिले काही महिने दर महिन्याला मोजा. किती नगांमागे किती मायक्रॉन गेले हे कळले की झिजेची मर्यादा गाठायला किती नग लागतील याचा अंदाज येतो. कॅलिब्रेशन त्याच्या निम्म्या संख्येवर ठेवा.

मोजणी तीन तारांनी करता येते: तारा आट्यांच्या खाचांत बसवायच्या आणि त्यांवरून मायक्रोमीटर लावायचा. १.५ पिचला तार ०.८६६ मिमीची, म्हणजे पिचच्या ०.५७७३५ पट. तारांवरून आलेल्या मापातून १.२९९ वजा केले की इफेक्टिव्ह डाया मिळतो. १०.३२५ आले तर ९.०२६. तारांवरचा दाब साधारण ११ न्यूटन हवा. हाताने रॅचेट फिरवून दाब कमी-जास्त झाला तर मायक्रॉन तिथेच हरवतात. तारांचा व्यास प्रमाणपत्राप्रमाणे धरा, कारण तारेतली चूक उत्तरात तिप्पट होऊन येते. आणि मोजणी पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी करा. गो प्लग पुढच्या दोन आट्यांवर आधी झिजतो. फक्त मधे मोजणाऱ्याला तो बराच काळ तंदुरुस्त दिसतो.

झिजलेला गो प्लग लहान होतो आणि घट्ट भोकेही पास करतो, तक्रार ग्राहकाच्या लाइनवर दिसते. झिजलेला नो-गो प्लगही लहान होतो, पण तो चांगली भोके नापास करतो, नुकसान तुमच्याच खिशातून जाते. नो-गोचे नापास अचानक वाढले तर टॅप बदलण्याआधी गेज मोजून घ्या.

एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आले की फक्त ‘पास’ हा शेरा वाचून फाइलला लावू नका. दोन्ही टोकांचा इफेक्टिव्ह डाया आकड्यात दिला आहे का, मोजणीची अनिश्चितता किती आहे आणि मागच्या वर्षीच्या आकड्यापेक्षा फरक किती, हे तिन्ही बघा.

प्रश्न: पावसाळ्यात गेजवर गंज धरतो. पॉलिश पेपरने काढला तर चालेल का? (कुडाळ एमआयडीसी)

उत्तर: पॉलिश पेपर, वायर ब्रश, बफ, यातले काहीही आट्याला लावायचे नाही. गंज निघतो, पण त्याबरोबर दोनचार मायक्रॉनही जातात. वरवरचा डाग तेलात भिजवलेल्या कापडाने आणि नायलॉनच्या ब्रशने निघाला तर निघाला. खड्डा दिसत असेल तर गेज बनवणाऱ्याकडे पाठवा आणि कॅलिब्रेशन करूनच परत वापरात आणा.

गंजाचे मूळ बहुधा हाताचा घाम आणि कूलंट. काम झाले की गेज स्पिरिटने पुसा, आट्यांत ब्रश फिरवा, रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल लावा आणि व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणाऱ्या) कागदात गुंडाळा. कच्च्या लाकडाच्या खोक्यात किंवा उघड्या पुठ्ठ्यात ठेवू नका, दोन्ही ओल धरतात आणि काही लाकडांतून आम्लाची वाफही येते. जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेल ठेवा आणि त्याचा रंग बदलला की तापवून कोरडे करा. वापरण्याआधी हे जाड तेल पूर्ण पुसून काढायचे. गो अडण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. गेज पडला आणि पहिल्या आट्यावर टोचा उठला, तर बारीक ऑइलस्टोनने फक्त उठलेला भाग खाली बसवा, आणि तरीही तो मोजून घेतल्याशिवाय लाइनवर देऊ नका. टोचा असलेला एक गो प्लग प्रत्येक भोकात ओरखडा ठेवत जातो.

प्रश्न: एम६० च्या अॅल्युमिनियम हाउसिंगमध्ये गो प्लग मशीनवर जातो, दोन तासांनी त्याच भोकात अडकून बसतो. (बुटीबोरी, नागपूर)

उत्तर: तुम्ही गरम जॉब तपासत आहात. आट्यांची मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन फुगते, स्टील सुमारे ११.५. जॉब ६० अंशांवर आणि गेज ३० अंशांवर असेल तर ६० मिमी व्यासाचे भोक गेजच्या तुलनेत जवळपास ४८ मायक्रॉन मोठे भासते. थंड झाल्यावर ती सगळी जागा परत जाते. जॉब आणि गेज एकाच टेबलावर सारख्या तापमानाला येऊ द्या. दोन्ही ४२ अंशांवर असले तरी या मापाला १५ मायक्रॉनचा फरक उरतो, म्हणून काठावरचे नग वातानुकूलित खोलीतच ठरवावेत.

अडकलेल्या गेजला पाना लावू नका. जॉब गरम पाण्यात किंवा हॉट एअर गनने ६० अंशांपर्यंत तापवा. अॅल्युमिनियम जास्त फुगते, त्यामुळे गेज हाताने निघतो. त्याआधी आट्यांच्या कडेने पातळ तेल सोडा. निघाल्यावर आट्यांना अॅल्युमिनियम चिकटले आहे का ते भिंगाने बघा.

प्रश्न: बंद भोकात गो प्लग तळाशी न पोचता अडतो, पण आटे पूर्ण आहेत. (सातपूर, नाशिक)

उत्तर: तळाशी कूलंट किंवा हवा कोंडली असावी. भोक हवेने फुंकून कोरडे करा, चिप काढा. गेजला हवा निसटायला लांबीच्या दिशेने खाच असते, तीच चिकट तेलाने बुजलेली असेल तर साफ करा. खोली मोजायची असेल तर फेरे मोजा: १२ फेरे गुणिले १.५ म्हणजे १८ मिमी.

प्रश्न: आमचा गो प्लग जातो, ग्राहकाचा नवा गो प्लग अडतो. दोघांकडेही प्रमाणपत्र आहे. (भोसरी)

उत्तर: दोन्ही गेज बरोबर असू शकतात. नवा गो प्लग झिजेची सोय म्हणून किंचित मोठा बनवलेला असतो, तुमचा वापरून त्याच्या मर्यादेच्या आत पण खाली आलेला असतो. तुमचा गेज आयएसओ १५०२ च्या मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र आहे, तोवर त्याने पास झालेला जॉब ग्राहकाने स्वीकारायचा असतो. हा वाद पुन्हा होऊ नये यासाठी जुनी आणि चांगली पद्धत अशी: उत्पादनाच्या लाइनवर नवे गो गेज द्या, आणि थोडे झिजलेले पण मर्यादेतले गेज शेवटच्या तपासणीला व ग्राहकाच्या इन्स्पेक्टरला. मग लाइनवर जे पास झाले ते पुढेही पासच होते.